कॅमेरा आणि लेन्ससाठी छोटी पॅडेड बॅग : खान्देशातील नवशिक्यांसाठी निवडीच्या पायऱ्या

पहिला डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा घेताना सेन्सर, लेन्स, मेमरी कार्ड यांची चौकशी आठवडेच्या आठवडे चालते. बॅग मात्र दुकानदार कॅमेऱ्यासोबत जी देईल ती निमूटपणे स्वीकारली जाते. ती बहुधा पातळ स्पंजाची, सैल आणि काळ्या रंगाची असते. तीत कॅमेरा मावतो, पण सुरक्षित राहतोच असे नाही. खान्देशात हा फरक लवकर जाणवतो, कारण येथे कॅमेरा मोटारसायकलवरून आणि एस.टी.तून, कापूस वेचणीच्या दिवसांतील धुळीच्या रस्त्यांवरून, मे महिन्यातील ४५ अंशांच्या उन्हातून आणि श्रावणातील दमट हवेतून फिरत असतो.

हा लेख एक कॅमेरा बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि एक किंवा दोन लेन्स नेण्यासाठी लागणाऱ्या छोट्या बॅगेपुरता आहे. लग्नाच्या कामाचे दोन बॉडी, फ्लॅश आणि स्टँड असलेले साहित्य नेण्याचा विषय निराळा आहे. पुढे लागेल म्हणून आजच मोठी बॅग घेऊन ठेवावी, असा सल्ला नवशिक्यांना नेहमी मिळतो. तो मला पटत नाही. मोठ्या बॅगेत कॅमेरा सैल राहतो, उरलेल्या जागेत चार्जर, पाण्याची बाटली आणि डबा शिरतो, वजन वाढते, आणि एके दिवशी बॅग जड वाटते म्हणून कॅमेराच घरी राहतो. आज जवळ जे साहित्य आहे त्याला नेमकी बसणारी छोटी बॅग घ्यावी. साहित्य वाढले तर दुसरी बॅग घेता येते आणि पहिलीही हलक्या कामासाठी उपयोगी पडत राहते.

पहिली पायरी : आधी कॅमेरा मोजावा

बॅग पाहायला जाण्यापूर्वी घरी टेबलावर कॅमेरा ठेवून मोजपट्टीने त्याची मापे घ्यावीत. रोज जी लेन्स लावलेली असते तीच लावावी, झूम पूर्ण आत घ्यावा, पुढचे झाकण बसवावे आणि हूड (लेन्सच्या पुढचे सावली देणारे कडे) असेल तर ते उलटे फिरवून लावावे, कारण प्रवासात ते तसेच राहणार आहे. मग तीन मापे लिहून ठेवावीत : लेन्सच्या झाकणापासून मागील व्ह्यूफाइंडरच्या रबरापर्यंतची लांबी, पट्ट्याच्या कड्या धरून डावीकडून उजवीकडची रुंदी, आणि तळापासून फ्लॅशच्या उंचवट्यापर्यंतची उंची.

कंपनीच्या माहितीपत्रकातील आकडे येथे अपुरे पडतात, कारण ते फक्त बॉडीचे असतात. उदाहरणार्थ, नवशिक्यांमध्ये भरपूर वापरला जाणारा कॅनन १५००डी हा कॅमेरा सुमारे १२९ मिमी रुंद, १०१ मिमी उंच आणि ७८ मिमी जाड आहे. निकॉन डी३५०० साधारण १२४ बाय ९७ बाय ७० मिमीचा आहे, आणि कॅननचा छोटा मिररलेस आर५० सुमारे ११६ बाय ८६ बाय ६९ मिमीचा. १५००डी किंवा डी३५००वर १८-५५ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबतच मिळणारी लेन्स, चढली की जाडीचे माप जवळपास दुप्पट होते आणि बॅगेचा आकार त्या मापावरच ठरतो. दुसऱ्या लेन्सचा विचारही असाच करावा. कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम ही लेन्स केवळ ३९ मिमी लांब आणि १६० ग्रॅमची असल्यामुळे तिला मुठीएवढा कप्पा पुरतो, पण ५५-२५० एसटीएम ही १११ मिमी लांब आणि ३७५ ग्रॅमची असून तिला उभे राहण्यासाठी बॅगेची खोली वाढवावी लागते. म्हणजे ‘दोन लेन्सची बॅग’ एवढेच वर्णन निवडीला पुरेसे नाही. कोणत्या दोन लेन्स, हे आधी ठरले पाहिजे.

मिळालेल्या प्रत्येक मापात सुमारे १ सेंटिमीटर मिळवावा. हेच बॅगेचे आतले माप होय. त्याहून कमी जागा असेल तर चेन लावताना बटणांवर दाब येतो. २ सेंटिमीटरपेक्षा जास्त जागा राहिली तर कॅमेरा आत हलतो आणि फोम असूनही त्याचा अर्धा उपयोग वाया जातो. कॅमेऱ्याच्या गळ्यातील पट्ट्याचा विचार बहुतेक जण विसरतात. रुंद पट्टा गुंडाळून ठेवला की एखाद्या लहान लेन्सएवढी जागा खातो, म्हणून मापे घेताना तो कॅमेऱ्याभोवती गुंडाळूनच पाहावे.

ऑनलाइन विक्रीच्या पानांवर अनेकदा फक्त बाहेरचे माप दिलेले असते. दोन्ही बाजूंचा फोम, कापड आणि शिलाई यांत प्रत्येक दिशेला सुमारे अडीच ते तीन सेंटिमीटर जातात, तेवढे वजा करून पाहावे. खात्री करायची असेल तर बिस्किटांच्या किंवा बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्या आतल्या मापाची पेटी बनवावी आणि तिच्यात कॅमेरा ठेवून पाहावा. दहा मिनिटांच्या या कामामुळे बॅग परत पाठवण्याची वेळ बहुधा येत नाही.

दुसरी पायरी : आपण कसे फिरतो ते पाहावे

मोटारसायकलपासून सुरुवात करतो, कारण येथे बहुतेक नवशिके तिच्यावरूनच कॅमेरा नेतात. जळगावहून हतनूरच्या धरणावर पक्षी टिपायला जाणे असो किंवा शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढणे असो, रस्त्याचे हादरे तास-दोन तास सतत बसत राहतात. एकदा आपटण्याने कॅमेऱ्याचे नुकसान होते हे सर्वांना ठाऊक असते, पण सततच्या बारीक कंपनाने लेन्सचे स्क्रू सैल होतात आणि स्थिरीकरणाच्या, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणाऱ्या, नाजूक यंत्रणेवर ताण येतो, याकडे लक्ष जात नाही. मोठ्या क्षमतेच्या मोटारसायकल इंजिनाची कंपने थेट पोहोचली तर फोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरण आणि फोकस यांवर परिणाम होऊ शकतो, असा इशारा ॲपल कंपनीने २०२१ मध्ये आपल्या आयफोनबाबत दिला होता. तरंगते भिंग किंवा तरंगता सेन्सर असलेल्या आपल्या कॅमेऱ्यालाही तीच काळजी लागू होते.

यावर उपाय साधा आहे. बॅग गाडीवर बांधू नये, अंगावर घ्यावी. टाकीवर ठेवलेली, हँडलला अडकवलेली किंवा मागच्या कॅरिअरला दोरीने आवळलेली बॅग इंजिनाचे आणि चाकांचे सगळे हादरे घेते. तीच बॅग खांद्यावरून तिरकी घालून पाठीशी घट्ट ओढली तर बराचसा हादरा शरीरात जिरतो. स्कूटरच्या सीटखालची डिकी सोयीची वाटते, पण ती इंजिनाच्या जवळ असल्याने तापते आणि तिथे कॅमेरा इतर सामानावर आदळत राहतो. तेव्हा मोटारसायकल किंवा स्कूटर हेच मुख्य वाहन असेल, तर तिरकी घालता येण्याएवढा लांब पट्टा आणि पाठीवर सपाट बसणारी बॅग या दोन अटी यादीत सर्वांत वर लिहाव्यात.

एस.टी.ने जाणाऱ्यांनी मांडीचा विचार करावा. वरच्या फळीवर ठेवलेली बॅग ब्रेकच्या धक्क्याने खाली येऊ शकते आणि पायाजवळ ठेवलेली बॅग गर्दीत तुडवली जाते, म्हणून बॅग मांडीवर मावेल एवढीच हवी. रेल्वेसाठी भुसावळ हे मोठे जंक्शन, आणि तेथून रात्रीचा प्रवास करणारे पुष्कळ. रात्रीच्या गाडीत पट्टा हाताभोवती किंवा खिडकीच्या गजाभोवती गुंडाळता आला पाहिजे आणि बॅगेवर कॅमेरा कंपनीचे ठळक नाव नसेल तर फार उत्तम. ते नाव आत काय आहे हे सगळ्या डब्याला सांगत असते.

पायी चालण्याच्या जागाही डोळ्यांसमोर आणाव्यात. जळगावहून साधारण ६० किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याला खासगी वाहन फर्दापूरच्या फाट्याजवळ सोडून बसने लेण्यांपर्यंत जावे लागते, मग पायऱ्या चढून एका लेणीतून दुसरीत फिरावे लागते. आत चित्रांसमोर फ्लॅशला मनाई आहे आणि उजेड मंद आहे, त्यामुळे किट लेन्स काढून ५० मिमीसारखी मोठ्या छिद्राची लेन्स लावण्याची इच्छा तिथे हमखास होते. अशा ठिकाणी गर्दीत उभ्याउभ्या, बॅग खाली न ठेवता लेन्स बदलता आली पाहिजे. लळिंगचा किल्ला चढताना किंवा पाटणादेवीच्या जंगलवाटेने जाताना मात्र दोन्ही हात मोकळे राहणे अधिक मोलाचे ठरते.

ज्यांचे छायाचित्रण मुख्यतः घरातच चालते, त्यांनी बॅगेवर फार खर्च करू नये. चाळीसगावच्या घरात राहून टेबलटॉप छायाचित्रणात मोठे नाव मिळवणारे केकी मूस (१९१२-१९८९) यांचा वारसा याच भागात आहे. त्या वाटेने जाणाऱ्या नवशिक्याला बॅगेपेक्षा साहित्य कोरडे ठेवणारा हवाबंद डबा अधिक उपयोगी पडेल.

तिसरी पायरी : बॅगेचा प्रकार

छोट्या बॅगांचे चार प्रकार नवशिक्याने ओळखून ठेवावेत.

टॉपलोडर ही वर रुंद आणि खाली निमुळती बॅग असते. तीत लेन्स लावलेला कॅमेरा लेन्स खाली करून ठेवतात आणि वरचे झाकण उघडून मुठीने सरळ बाहेर काढतात. एक बॉडी आणि एकच लेन्स असेल तर हिच्याइतकी नेमकी बॅग दुसरी नाही. कॅमेरा हातात यायला दोन सेकंद पुरतात आणि आत हलायला जागाच नसते. दुसरी लेन्स आली की मात्र ती अपुरी पडते.

खांद्याची चौकोनी बॅग दुसऱ्या लेन्ससाठी कप्पा देते आणि तिचा मधला पडदा वेल्क्रोने सरकवता येतो. चालताना ती कमरेवर आदळत राहते, हा तिचा दोष. स्लिंग बॅग तिरकी घालून पाठीवर ठेवता येते आणि गरज पडताच पुढे ओढून पोटाशी उघडता येते. मोटारसायकलवरून फिरणाऱ्या, दोन लेन्स बाळगणाऱ्या माणसाला मी निःसंकोच हीच सुचवीन. ती घेताना एक पाहावे : पुढे ओढल्यावर चेन वरच्या बाजूस आली पाहिजे. काही स्लिंग पुढे घेतल्यावर उलट्या होतात आणि चेन उघडताच लेन्स जमिनीकडे घसरते.

चौथा प्रकार इन्सर्टचा. पट्टा नसलेली ही फोमची चौकोनी पेटी आपल्या नेहमीच्या कॉलेजच्या सॅकमध्ये बसते. विद्यार्थ्यांसाठी ही सर्वांत काटकसरीची सोय आहे, कारण सॅक आधीपासून असते आणि बाहेरून पाहणाऱ्याला आत कॅमेरा असल्याचा संशयही येत नाही. तिच्यात कॅमेरा काढायला वेळ लागतो, म्हणून उडता पक्षी टिपणाऱ्याला ती चालणार नाही, पण किल्ले, मंदिरे, निसर्गदृश्ये यांसाठी वेळेचा तो फरक नगण्य आहे. इन्सर्ट घेताना त्याला स्वतःचे झाकण आहे का, हे पाहावे. उघड्या इन्सर्टवर सॅकमधली वही किंवा डबा सरळ कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर येऊन पडतो.

कोणत्याही प्रकारात झाकण कोणत्या दिशेने उघडते हे तपासावे. बॅग खांद्याला असताना झाकण आपल्या शरीराच्या विरुद्ध बाजूला उघडत असेल तर हात थेट आत जातो. ते आपल्या पोटाकडे उघडत असेल तर दरवेळी झाकण हाताने दाबून धरावे लागते.

चौथी पायरी : फोमची परीक्षा

बॅगेची खरी किंमत तिच्या फोममध्ये असते आणि नेमका तोच अस्तराआड दडलेला असतो, म्हणून या पायरीला घाई करू नये.

फोम ढोबळमानाने दोन जातींचा असतो. एक सच्छिद्र, म्हणजे गादी-उशीतला मऊ स्पंज. तो दाबला की पूर्ण चपटा होतो, पाणी शोषतो आणि काही वर्षांनी, विशेषतः उष्ण व दमट हवेत, भुगा होऊ लागतो. दुसरा बंद छिद्रांचा, म्हणजे ईव्हीए किंवा पॉलिइथिलीन प्रकारचा. तो हाताला घट्ट लागतो, पाणी पीत नाही आणि दाबल्यावर थोडासाच दबून परत येतो. कॅमेरा बॅगेच्या भिंतींना हा दुसरा फोम हवा. आतल्या स्पर्शाच्या बाजूला मऊ स्पंजाचा पातळ थर असेल तर चांगलेच, पण भिंत केवळ स्पंजाची असू नये.

दुकानात याची परीक्षा घेता येते. बॅगेची भिंत अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून जोरात दाबावी. दोन बोटे एकमेकांना जाणवू लागली तर फोम मऊ किंवा पातळ आहे. मग तळहाताने भिंत काही सेकंद दाबून सोडावी, खळगा लगेच भरून आला पाहिजे. बाजूच्या भिंतींसाठी ८ ते १० मिमी जाडी छोट्या बॅगेला पुरेशी आहे. तळ त्यापेक्षा जाड हवा, कारण दिवसभरात बॅग जितक्या वेळा खाली ठेवली जाते तितक्या वेळा तळावरच आघात होतो. आणि आपण ती बसथांब्याच्या फरशीवर, ओट्यावर, किल्ल्याच्या दगडावर नेहमी हलकेच ठेवतो असे नाही.

त्यानंतर कोपरे पाहावेत. स्वस्त बॅगांत फोमचे पत्रे वेगवेगळे शिवलेले असतात आणि जिथे दोन पत्रे मिळतात तिथे नुसते कापड उरते. बॅग पडते ती बहुधा कोपऱ्यावरच. आतून बोट फिरवून प्रत्येक कोपऱ्यात फोम सलग आहे की फट आहे हे चाचपून पाहावे. टॉपलोडर घेत असाल तर आणखी एक गोष्ट तपासायची : कॅमेऱ्याची बॉडी आतल्या बाजूच्या फोमवर टेकली पाहिजे आणि लेन्सचे टोक तळापासून किमान बोटभर वर राहिले पाहिजे. लेन्स तळाला टेकत असेल तर बॅग खाली ठेवताच धक्का लेन्समधून थेट माउंटला, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे जोडली जाते त्या कड्याला, जातो, आणि माउंटची दुरुस्ती नवशिक्याच्या खिशाला जड जाते.

फोम धक्का झेलतो, दाब झेलत नाही. गर्दीच्या एस.टी.त कुणी बॅगेवर रेलले तर मऊ भिंत कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच येऊन बसते. म्हणून निदान स्क्रीनकडच्या बाजूला फोमच्या आत पातळ पण ताठ प्लास्टिकचा पत्रा असलेली बॅग अधिक भरवशाची. भिंत हलकेच वाकवून पाहिली की पत्रा आहे की नाही ते कळते.

आवडलेली बॅग सर्व बाबतींत चांगली असून केवळ तळ पातळ असेल, तर ती नाकारण्याचे कारण नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ येथे सोफा आणि गाडीच्या सीटचे काम करणारे कारागीर असतात. त्यांच्याकडून घट्ट फोमचा तुकडा बॅगेच्या तळाच्या मापाने कापून, वर मऊ कापड लावून घेता येतो. त्याने उंचीतील जागा कमी होईल, याचा हिशेब मात्र आधी करावा.

पाचवी पायरी : कापड, अस्तर, चेन आणि रंग

कापडावर ‘६०० डी’ असे लिहिलेले दिसते. डी म्हणजे डेनियर, आणि ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचे डेनियर. आकडा मोठा तर धागा जाड. छोट्या बॅगेला ६०० डेनियर पॉलिस्टर किंवा तितकेच टिकाऊ नायलॉन पुरते. आतल्या बाजूने पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप असेल तर शिंतोडे आत जात नाहीत, पण शिलाईच्या छिद्रांतून आणि चेनमधून पाणी शिरते, म्हणून अशा बॅगेला पाणीरोधक म्हणता येत नाही. विक्रेता काहीही म्हणाला तरी पावसासाठी तळाच्या कप्प्यातून निघणारे वेगळे आवरण असलेली बॅगच घ्यावी, किंवा जाड प्लास्टिकची पिशवी घडी करून आत कायम ठेवावी.

खान्देशात रंगाचा विचार शोभेपलीकडे जातो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी ० ते ४० अंश सेल्सिअस ही मर्यादा दिलेली असते, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळची सावलीच त्यापेक्षा अधिक तापलेली असते. काळे कापड उन्हात फिकट कापडापेक्षा लवकर आणि जास्त तापते. राखाडी, खाकी किंवा मातकट रंगाची बॅग तेवढ्या प्रमाणात थंड राहते आणि तिच्यावर धूळही कमी दिसते. फोममुळे उष्णता आत पोहोचायला उशीर होतो, पण ती थांबत नाही, हे विसरू नये. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत बॅग कितीही चांगली असली तरी कॅमेरा आणि त्याची लिथियम बॅटरी ठेवून जाऊ नये.

अस्तर मात्र फिकट असलेच पाहिजे, यावर मी ठाम आहे. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची होळी टिपायला गेलेल्या माणसाला रात्रभर अंधारात आणि गर्दीत बॅग उघडावी लागते. काळ्या अस्तरात काळे झाकण, काळी बॅटरी आणि काळे कार्डाचे पाकीट हाताला लागत नाही. राखाडी किंवा नारिंगी अस्तरावर तेच लगेच दिसते.

चेन पूर्ण उघडून आणि लावून किमान चार-पाच वेळा चालवून पाहावी. वळणावर रनर (चेनची सरकती कडी) अडकत असेल तर नवी असतानाच अडकणारी चेन धुळीत मुळीच चालणार नाही. छोट्या बॅगेच्या मुख्य कप्प्याला ८ नंबरची चेन उत्तम, ५ नंबरची चालेल. कॅमेऱ्याच्या बाजूने चेनवर कापडाची पट्टी शिवलेली असावी, म्हणजे कॅमेरा काढताना दात स्क्रीनवर घासत नाहीत. वेल्क्रोचे झाकण सोयीचे असले तरी त्याचा फर्रकन होणारा आवाज पक्षी उडवतो आणि धूळ, कापसाचे तंतू त्यात अडकून बसतात. पालच्या किंवा यावलच्या जंगलात जाणाऱ्यांनी बकल किंवा चेनचीच बॅग घ्यावी.

सहावी पायरी : पट्टा

बॅगेचे सर्व वजन शेवटी पट्ट्याच्या दोन टोकांच्या टाक्यांवर असते. तिथे चौकोनात फुली मारलेली दुहेरी शिलाई दिसली पाहिजे. एकेरी सरळ टाक्यांवर कॅमेरा टांगू नये. पट्ट्याची रुंदी सुमारे ३८ मिमी असावी आणि खांद्यावर येणाऱ्या भागाला न घसरणारी गादी असावी. पट्टा पूर्ण लांब करून तिरका घालून पाहावा, हिवाळ्यात जाड जाकीट अंगात असतानाही तो पुरला पाहिजे. हूक धातूचा असेल तर टिकतो, फक्त तो कॅमेऱ्यावर आपटणार नाही अशा जागी असावा.

सातवी पायरी : दुकानात कॅमेरा घेऊनच जावे

रिकामी बॅग पाहून निर्णय घेऊ नये. आपला कॅमेरा, दोन्ही लेन्स, जादा बॅटरी असे सगळे घेऊन दुकानात जावे आणि दुकानदाराला सांगून बॅग भरून पाहावी. संकोच करण्याचे कारण नाही, चांगला दुकानदार स्वतःच तसे सुचवतो. भरलेली चेनबंद बॅग दोन्ही हातांत धरून हलकेच हलवावी. आतून आवाज किंवा हालचाल जाणवली तर माप चुकले आहे. मग ती खांद्याला लावून चालावे, खाली वाकावे, खुर्चीत बसावे. वाकल्यावर बॅग पुढे झोकांडी घेऊन आपटत असेल तर किल्ल्याच्या चढावर ती त्रास देईल. शेवटी डोळे मिटून एका हाताने झाकण उघडून कॅमेरा बाहेर काढून पाहावा.

ऑनलाइन मागवायची असेल तर परत करण्याची मुदत आधी वाचावी. बॅग आल्यावर लेबल न काढता याच सर्व परीक्षा घरी घ्याव्यात आणि मुदतीच्या आतच निर्णय घ्यावा.

किमतीबाबत एवढेच सांगतो की फोम, शिलाई आणि चेन यांसाठी पैसे द्यावेत. नावासाठी, कप्प्यांच्या संख्येसाठी किंवा सोबत मिळणाऱ्या मोफत वस्तूंसाठी देऊ नयेत.

आठवी पायरी : वापर आणि निगा

बॅग भरताना प्रत्येक वस्तूची जागा एकदाच ठरवावी आणि ती बदलू नये. लेन्सना पुढचे आणि मागचे अशी दोन्ही झाकणे लावावीत. बॅटरी आणि किल्ल्या, नाणी एकाच कप्प्यात कधीही ठेवू नयेत, कारण धातूचा स्पर्श बॅटरीच्या दोन्ही टोकांना झाला तर शॉर्ट होण्याचा धोका असतो. पाण्याची बाटली कॅमेऱ्याच्या कप्प्यात नकोच.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दत्तजयंतीच्या सुमारास उडणारी धूळ किंवा नंदुरबारच्या मिरची पथारींवरची तिखट भुकटी बॅगेच्या शिवणींत जाऊन बसते. मिरचीची भुकटी तर अस्तरावरून व्ह्यूफाइंडरच्या रबराला लागते आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यात जाते. अशा ठिकाणी छायाचित्र घेऊन झाले की बॅग लगेच बंद करावी आणि लेन्स मोकळ्यावर बदलू नये. घरी आल्यावर बॅग पूर्ण रिकामी करून, मधले पडदे काढून, उलटी धरून झटकावी. मग मऊ ब्रशने कोपरे आणि चेन साफ करावी. डाग असेल तर सौम्य साबणाच्या पाण्यात कापड भिजवून पिळून पुसावे आणि बॅग सावलीत वाळवावी. वॉशिंग मशिनमध्ये बॅग टाकल्यास फोमचा आकार बिघडतो आणि पीयूचा लेप निघतो.

पावसाळ्यात तोरणमाळसारख्या धुक्याच्या जागी, किंवा वातानुकूलित गाडीतून एकदम दमट हवेत उतरल्यावर, थंड काचेवर बाष्प धरते. त्यासाठी कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास राहू द्यावा. फोममुळे तो सावकाश बाहेरच्या तापमानाला येतो आणि बाष्प बरेच टळते.

बॅग नेण्यासाठी आहे, साठवण्यासाठी नाही. जून ते सप्टेंबर या काळात कॅमेरा बॅगेतच कपाटात ठेवला तर फोम आणि अस्तर ओल धरून ठेवतात आणि लेन्सच्या काचेवर बुरशीचे जाळे पसरू शकते. हवेतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की हा धोका वाढतो. स्वयंपाकघरात वापरतात तसा घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलची पाकिटे आणि छोटा आर्द्रतामापक एवढ्याने काम भागते. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा. नारिंगी जेल ओल शोषून हिरवे झाले, किंवा निळे जेल गुलाबी झाले, की ते पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे तापवून पुन्हा वापरता येते. त्या काळात रिकामी बॅग चेन उघडी ठेवून हवेशीर जागी टांगावी.

चेन जड चालू लागली तर कॅमेरा बाहेर काढून दातांवरून मेणबत्ती हलकेच घासावी आणि जादा मेण कापडाने पुसून घ्यावे. रनर सैल होऊन मागे दात उघडे राहू लागले तर बॅग दुरुस्त करणाऱ्याकडून केवळ रनर बदलून मिळतो, त्यासाठी सगळी बॅग टाकण्याची गरज नसते. पट्ट्याचा एक जरी टाका उसवलेला दिसला तरी पुढच्या फेरीआधी तो शिवून घ्यावा. पण बॅग झटकल्यावर पिवळसर, चिकट भुगा पडू लागला, तर आतला स्पंज कुजला आहे असे समजावे. तो भुगा लेन्सच्या कड्यांत आणि बटणांच्या फटींत शिरतो आणि वरून दुसरे अस्तर लावूनही थांबत नाही. त्या बॅगेत कॅमेरा ठेवणे त्याच दिवशी बंद करावे, आणि लेन्सची मागची बाजू व माउंट ब्लोअरने (हवा फुंकणाऱ्या रबरी पंपाने) स्वच्छ करूनच कॅमेरा नव्या बॅगेत ठेवावा.